बीटीचं मूळ गाव

विदर्भ-मराठवाड्यात ‘बीटी’ म्हटलं की कपाशीच्या बियाण्याचं पाकीट डोळ्यांपुढे येतं. मुळात बीटी म्हणजे मातीतला एक जिवाणू, बॅसिलस थुरिंजिएन्सिस. त्याची पहिली ओळख झाली ती रोग म्हणून. १९०१ साली जपानमध्ये शिगेताने इशिवाता यांना तो मेलेल्या रेशीमकिड्यांत सापडला. दहा वर्षांनी जर्मनीत अर्न्स्ट बर्लिनर यांना तोच जिवाणू पिठातल्या पतंगाच्या अळीत मिळाला. अळी थुरिंजिया प्रांतातल्या गिरणीतली, म्हणून नावही तेच पडलं. रेशीमवाल्यांचा हा वैरी शेतकऱ्याच्या मात्र कामाचा होता. १९३८ मध्ये फ्रान्समध्ये त्याची ‘स्पोरीन’ नावाने विक्री सुरू झाली.

त्याची करामत बघण्यासारखी आहे. अन्न संपत आलं की हा जिवाणू बीजाणू धरतो आणि सोबत प्रथिनाचा एक स्फटिक बनवतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो पत्त्यांतल्या चौकटीसारखा दिसतो. पानाबरोबर तो अळीच्या पोटात गेला की तिथल्या अल्कधर्मी रसात विरघळतो आणि आतड्याला भोकं पाडतो. अळी आधी खाणं सोडते, मग मरते. माणसाचं जठर आम्लधर्मी आणि आतड्यात त्या प्रथिनाला धरायला जागाही नाही, त्यामुळे आपल्याला त्याची बाधा होत नाही. सेंद्रिय शेतकरी आजही तो फवारतात. पण उन्हात तो फार टिकत नाही आणि बोंडात शिरलेल्या अळीपर्यंत पोचत नाही.

म्हणून शास्त्रज्ञांनी प्रथिनाची कृतीच झाडात नेली. १९८१ साली श्नेफ आणि व्हाइटली यांनी त्याचं जनुक वेगळं केलं. मार्च २००२ मध्ये जालन्याच्या महिको कंपनीच्या तीन बीटी कापूस वाणांना भारतात परवानगी मिळाली.

४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणं यायचं, ‘रेफ्युजी’. ते कडेने पेरायचं, म्हणजे तिथे जगलेले साधे पतंग विषाला सरावलेल्या पतंगांशी जुळतात आणि सरावलेली पैदास एकदम वाढत नाही. बऱ्याच शेतांत ते पेरलंच गेलं नाही. त्याचं महत्त्व बांधावर जाऊन समजावायला हवं होतं, ते पुरेसं झालं नाही, असं मला ठामपणे वाटतं. भरीला फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही शेतात लांबवलेली कपाशी. तिच्यावर गुलाबी बोंडअळी उन्हाळ्यापर्यंत पोसली गेली. २०१७ च्या हंगामात विदर्भात तिने बीटीचीच बोंडं पोखरली. आता कृषी विभाग कामगंध सापळे लावायला आणि फरदड न घेता पऱ्हाट्या वेळेत काढायला सांगतो.