सरकत्या काचेचा दरवाजा आणि १९७७चा नियम

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी उपनगरांत, विशेषतः कॅलिफोर्नियात, दिवाणखाना आणि परसबाग यांमधली भिंत जाऊन सरकता काचेचा दरवाजा आला. काच साधीच असे. स्वच्छ पुसली की ती दिसत नसे. धावत आलेली मुले तिच्यावर आदळत आणि सुरीसारखे लांब तुकडे त्यांच्या अंगात घुसत. सौंदर्याची ही किंमत फारच मोठी होती. अखेर १९७७मध्ये ग्राहक सुरक्षा आयोगाने अशा दरवाजांना सुरक्षित काच बंधनकारक केली.

बहुधा तापवून झटकन थंड केलेली ही काच फुटली तरी तिचे बारीक, बोथट कण होतात. मात्र ती नंतर कापता येत नाही. म्हणून जुना दरवाजा बदलताना भट्टीआधीच माप अचूक द्यावे लागते.