पाण्याचा डोळा

लडाखच्या शेतीचा इतिहास सांगताना सगळे वर बघतात. डोंगरमाथ्यावर हिमनदी, तिच्यातून निघालेला ओढा, ओढ्यावरून काढलेला पाट आणि पाटाखाली सातूचे शेत. हिमनद्या आटू लागल्या म्हटल्यावर या गोष्टीचा शेवटही सगळ्यांना ठाऊक असतो. पण मधला एक टप्पा गळलेला आहे. हिमनदीचे पाणी शेतात पोहोचण्याआधी त्यातले कितीतरी जमिनीत मुरते आणि खाली कुठेतरी पुन्हा वर येते. लडाखी भाषेत झऱ्याला छुमिक म्हणतात. छु म्हणजे पाणी, मिक म्हणजे डोळा. तिथल्या लोकांनी शतकानुशतके जे कसब कमावले ते बर्फाचे जितके, तितकेच या डोळ्यांतून येणाऱ्या पाण्याचे आहे, आणि हे विसरल्यामुळेच आज तिथे चुकीच्या जागी बोट ठेवले जाते, असे माझे म्हणणे आहे.

लेह समुद्रसपाटीपासून साधारण 3,500 मीटर उंचीवर आहे आणि तिथे वर्षाचा पाऊस जेमतेम 100 मिलिमीटर. आपला माणदेश दुष्काळी, पण तिथेही याच्या चौपट तरी पडतो. असे असूनही लेहच्या आसपास हिरवी गावे आहेत, आणि ती नेमकी कुठे वसली हे पाहिले की पाण्याची वाट कळते. अरुंद घळ संपून ओढा मोकळ्यावर येतो तिथे त्याने हजारो वर्षे वाहून आणलेले गोटे, वाळू आणि माती पंख्यासारखी पसरलेली असते. काश्मीरच्या महाराजांच्या नोकरीत असलेला आणि काही काळ लडाखचा कारभार पाहिलेला इंग्रज भूशास्त्रज्ञ फ्रेडरिक ड्रू याने सिंधूच्या वरच्या खोऱ्यातल्या या पंख्यांचे वर्णन 1873 मध्ये प्रसिद्ध केले; भूशास्त्रात ‘पंखा’ हा शब्द रुळला तो तिथून. पंख्याच्या माथ्याशी खडी जाड आणि सैल असते, तिथे ओढ्याचे पाणी जिरते. पायथ्याकडे माती बारीक होत जाते, पाण्याची पुढची वाट अडते आणि ते झऱ्यांतून, पाणथळ कुरणांतून वर येते. हिमनदीच्या तोंडाशीही असेच घडते. बर्फ मागे हटला की त्याने आणून टाकलेले दगडमातीचे ढिगारे, म्हणजे हिमोढ, उघडे पडतात आणि वितळलेले पाणी आधी त्यांत शिरते. ओढ्याने वाहणारे पाणी काही तासांत गावात येते. मुरलेल्या पाण्याला आठवडे लागतात, महिनेही लागतात.

या दोन वेगांवर लडाखची सारी सिंचनव्यवस्था उभी राहिली. दुपारच्या उन्हात वितळलेले पाणी गावात पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते, म्हणून रात्रीचे पाणी साठवायला झिंग नावाचे मातीचे तळे आले. ते रात्री भरायचे आणि सकाळी सोडायचे. तेवढ्यात पाण्याचा गारठाही थोडा कमी होतो. शेताच्या तोंडाशी दगड, गवताचे ढेकूळ आणि जुन्या कापडाचा बोळा असतो. तो फावड्याने बाजूला केला की पाणी आत वळते. हा बोळा कोणी, कधी आणि किती वेळ काढायचा हे गावाने नेमलेला छुरपोन ठरवतो. धुळ्याकडे पांझरेच्या काठी फड पद्धतीत पाटकऱ्याचे काम असेच होते. 1908 च्या सुमारास जमाबंदीच्या वेळी हे हक्क ‘रिवाज-ए-आबपाशी’ या दप्तरात लिहिले गेले. त्यात लिहायचे होते ते पाट आणि पाळ्या. जमिनीखालच्या पाण्याचा धनी कोण, हा प्रश्न तेव्हा पडण्याचे कारणच नव्हते. ते पाणी झऱ्यातून आपणहून वर येईपर्यंत सगळ्यांनाच थांबावे लागे.

माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा हिवाळा देतो. जानेवारीत लेहचा पारा उणे 20 अंशांपर्यंत उतरतो आणि वरचे वितळणे पार थांबते. तरी ओढ्याच्या गोठलेल्या पापुद्र्याखाली पाण्याची धार चालू असते. ती बर्फाची असणार कशी? उन्हाळ्यात मुरलेले पाणी जमीन तेव्हा परत देत असते. 1987 मध्ये चेवांग नोर्फेल या स्थापत्य अभियंत्याने फुकत्से गावी हीच हिवाळी धार सावलीतल्या उतारावर वळवून दगडी बांधांमागे टप्प्याटप्प्याने गोठवली. 2013-14 च्या हिवाळ्यात सोनम वांगचुक यांनी तसेच पाणी नळाने खाली आणले, कारंज्यासारखे हवेत उडवले आणि बर्फाचा स्तूप उभा केला. पेरणी एप्रिल-मेमध्ये असते आणि हिमनदीचे पाणी जूनशिवाय नीट येत नाही. ती खिंड लढवण्यासाठी हा खटाटोप. जग याला कृत्रिम हिमनदी म्हणते. वस्तुतः ते गोठवलेले भूजल आहे.

यावर आक्षेप येईल की जमिनीतले पाणी तरी शेवटी बर्फाचेच, मग हा भेद कशाला? आक्षेप अर्धा खरा आहे. नेपाळमधल्या नद्यांवरच्या 2012 च्या एका अभ्यासात जमिनीत मुरून नदीला मिळणारे पाणी बर्फ आणि हिमनद्यांच्या पाण्याच्या सुमारे सहापट निघाले. पण तिथे मोसमी पाऊस आहे, आणि तो आकडा कोरड्या लडाखला लावणे चूक ठरेल. इथे जमीन भरते ती मुख्यतः हिमनदीने आणि हिवाळी हिमाने. कांग यात्झे शिखराभोवतीच्या हिमनद्यांचे क्षेत्र 1969 ते 2010 या काळात सुमारे 14 टक्क्यांनी घटले, म्हणजे कोठाराची आवक आटते आहे. पण आवक आटते तेव्हाच कोठाराची किंमत वाढते. बर्फाच्या बांधांत फार थोडे पाणी मावते, हा दुसरा आक्षेपही मला मान्य आहे. गावाची गरज त्यांनी भागणार नाही. म्हणूनच त्यांच्या देखण्या चित्रांवर समाधान मानून खालच्या खडीकडे दुर्लक्ष करणे मला धोक्याचे वाटते.

कारण त्या खडीला आता भोके पडली आहेत. 1974 मध्ये लडाख पर्यटकांना खुले झाले, हॉटेले आली, आणि मातीने झाकायच्या कोरड्या संडासाची जागा फ्लशने घेतली. पाणी बोअरवेलने उपसायचे आणि मैला शोषखड्ड्यात सोडायचा, दोन्ही त्याच सैल खडीत. पाटावरच्या शेतकऱ्याला पाळीची वाट पाहावी लागते. बोअरवेलच्या मालकाला छुरपोन विचारू शकत नाही. हिमनदीचे मागे हटणे लेहच्या गावकऱ्यांच्या हातात नाही, उपसा मात्र आहे. प्रत्येक बोअरवेलची नोंद आणि प्रत्येक झऱ्याचे दरमहा मोजमाप गावाच्या ताब्यात आले पाहिजे, त्या जुन्या दप्तराचे पुढचे पान म्हणून. दर उन्हाळ्यात महाराष्ट्रातून लेहला जाणाऱ्यांनी खोली घेताना एवढे विचारावे: तुमचे पाणी कुठून येते, आणि कोरडा संडास आहे का?