नवा चेंडू आणि दत्तू फडकर

आपल्या क्रिकेटचा जुना इतिहास सांगायला बसलं की माणसं फिरकीपाशी रमतात. विनू मंकड, सुभाष गुप्ते, गुलाम अहमद, पुढं बेदी-प्रसन्ना-चंद्रशेखर. या मंडळींच्या हातात चेंडू येण्याआधी त्याची लकाकी कुणीतरी उतरवायची असे. १९४७ पासून दहा-अकरा वर्षं ते काम ज्यांनी सर्वांत नेटानं केलं, ते दत्तात्रय गजानन फडकर. जन्म कोल्हापूरचा, डिसेंबर १९२५. आम्हा सीमाभागातल्या लोकांना कोल्हापूर परकं नाही. निपाणी सोडली की तासाभरात येतं. तरी आमच्या मैदानांवरच्या पोरांना आज फडकरांचं नाव सांगावं लागतं, याची मला खंत आहे.

मी बेळगावातल्या वडगावचा, मागाच्या खडखडाटात वाढलेला. आम्ही खेळलो ते काथ्याच्या मॅटिंगवर. पट्ट्यावर पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, मॅटिंग ताणायचं आणि कडेनं खिळे ठोकायचे. मॅटिंग नीट ताणलं असेल तर टप्प्यावर पडलेला चेंडू धरतो आणि झपकन आत किंवा बाहेर जातो. फार वेग लागत नाही. शिवण सरळ ठेवणारं मनगट लागतं आणि एका जागी टाकत राहण्याची चिकाटी. मध्यम-जलद गोलंदाजाला आमच्याकडं त्यामुळं मान होता. हीच गोलंदाजी मोठ्या मैदानांच्या भाजलेल्या, गवत नसलेल्या मातीवर टाकायला सांगितली की तिचं काय होतं, ते मला चांगलं ठाऊक आहे. म्हणून फडकरांच्या आकड्यांकडं मी नुसते आकडे म्हणून बघत नाही.

आधीचा काळ थोडक्यात सांगतो. १९३२ साली लॉर्ड्सवर भारत पहिली कसोटी खेळला तेव्हा आपल्याकडं महंमद निसार आणि अमरसिंग ही अस्सल जोडी होती. निसारची शेवटची कसोटी १९३६ ची. अमरसिंग १९४० साली तिशीच्या आतच गेला. मग युद्ध आलं. स्वातंत्र्यानंतर संघ ऑस्ट्रेलियाला निघाला तेव्हा निसारसारखा वेग कुणाकडंच नव्हता.

त्या दौऱ्यात डिसेंबर १९४७ च्या सिडनी कसोटीत फडकर पहिल्यांदा उतरले. पावसानं सामना धुतला, पण जेवढा झाला तेवढा त्यांचा होता. भारताच्या १८८ धावांत त्यांच्या ५१, डावातल्या सर्वाधिक. मग ऑस्ट्रेलियाचा डाव १०७ धावांत आटोपला: विजय हजारेंचे चार बळी, त्यात १३ धावांवर त्रिफळा उडालेला ब्रॅडमन, आणि फडकरांचे १४ धावांत तीन. हजारे सांगलीचे, फडकर कोल्हापूरचे. आमचं शेजारचं शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होतं. आमच्या मुलखातल्या दोन मध्यमगती गोलंदाजांनी ब्रॅडमनच्या संघाचे सात गडी बाद करावेत, याचा अभिमान मला आजही वाटतो. पुढं ॲडलेडला हजारेंनी दोन्ही डावांत शतकं काढली आणि फडकरांनी १२३.

पण गोलंदाज म्हणून फडकर मला खरे दिसतात ते जानेवारी १९४९ मध्ये मद्रासला. वेस्ट इंडिजच्या रे आणि स्टॉलमेयर यांनी २३९ ची सलामी दिली. डाव ५८२ पर्यंत गेला. अशा डावात गोलंदाजाचे खांदे पडतात, क्षेत्ररक्षक पाय ओढत चालतात. फडकरांनी १५९ धावांत सात बळी घेतले. भारत डावानं हरला, म्हणून ते सात बळी विस्मरणात गेले. माझ्या मते सिडनीच्या ओल्या खेळपट्टीवरच्या तीन बळींपेक्षा ते मोठे. त्याच मालिकेत मुंबईला ३६१ धावांचा पाठलाग करताना भारत सहा धावांनी कमी पडला आणि वेळ संपली. तेव्हा फडकर ३७ धावांवर नाबाद होते.

आता इंग्लंडच्या ॲलेक बेडसरकडं बघा. तोही मध्यम-जलद. १९४६ साली आपल्याच संघाविरुद्ध पहिल्या दोन कसोट्यांत त्यानं अकरा-अकरा बळी घेतले. त्याची कारकीर्द ५१ कसोट्या आणि २३६ बळींची. बेडसर थोर होता यात शंका नाही. पण त्याच्या पायाखाली ओलसर हिरवळ होती, डोक्यावर ढग होते, आणि संघ त्याच्याभोवती उभा केला जाई. आपल्याकडं नव्या चेंडूची चार-सहा षटकं झाली की कर्णधाराचे डोळे फिरकीकडं वळत. चेंडू जुना झाला की फडकर स्वतःही ऑफब्रेक टाकत. हौस म्हणून नव्हे. संघाची गरज होती.

१९५२ साली लीड्सला हे दोघे समोरासमोर आले. भारताच्या दुसऱ्या डावात शून्यावर चार गडी बाद झाले होते. तीन नवख्या ट्रूमननं घेतलेले, एक बेडसरनं. पाच बाद २६ वरून फडकर आणि हजारे यांनी १०५ धावांची भागी केली, त्यात फडकरांच्या ६४. शून्यावर चार हा फलक सगळ्यांना पाठ असतो. त्यानंतरचे १०५ कुणाला विचारून बघा.

रणजीत ते महाराष्ट्र, मुंबई, बंगाल आणि रेल्वेकडून खेळले. शेवटची कसोटी १९५८ च्या अखेरीस कलकत्त्याला सुरू झाली, वेस्ट इंडिजच्या कन्हायनं २५६ काढले ती. त्याच मालिकेत पुढं दिल्लीला मुंबईचा बुटका रमाकांत देसाई आला आणि नवा चेंडू त्याच्या हाती गेला. फडकरांच्या नावावर ३१ कसोट्या, १२२९ धावा आणि ६२ बळी राहिले. बळीमागं जवळजवळ ३७ धावा. ही सरासरी दाखवून त्यांना सामान्य ठरवणारे लोक मला भेटतात. त्या खेळपट्ट्यांवर, दुसऱ्या टोकाला साथ नसताना ते ६२ बळी मिळालेत, एवढं मी त्यांना सांगतो.

नोव्हेंबर २०१८ मध्ये बेळगावच्या रणजी सामन्यात बेळगावातच जन्मलेल्या रोनित मोरेनं कर्नाटककडून मुंबईचे एका डावात पाच बळी घेतले. मध्यम-जलद गोलंदाजी या मातीत उगवते, हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं. तेव्हा वडगाव, शहापूर, टिळकवाडीच्या क्लबांना माझी विनंती आहे: खेळपट्टीवर थोडं गवत राहू द्या, आणि चौथ्या षटकानंतर पोराच्या हातातून चेंडू काढून घेऊ नका.