युनिक गेम्स अटकळ

युनिक गेम्स अटकळ : सैद्धांतिक संगणकशास्त्रातील एक अद्याप सिद्ध न झालेले आणि खोटेही न ठरलेले विधान. सुभाष खोत (जन्म १० जून १९७८, इचलकरंजी) यांनी ते २००२ साली मांडले. काही प्रश्नांची अचूक उत्तरे काढणे अवघड असते, हे आधीपासून ठाऊक होते. अचूक राहू द्या, बऱ्यापैकी उत्तर काढायचे म्हटले तरी एका रेषेपुढे काम तितकेच अवघड होते, आणि ती रेषा नेमकी कुठे आहे हेही सांगता येते, असा या अटकळीचा आशय आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला यूजीसी म्हणतात. आपल्याकडे ही तीन अक्षरे विद्यापीठ अनुदान आयोगाने केव्हाच आपल्या नावावर केलेली असल्याने प्रस्तुत नोंदीत ‘अटकळ’ एवढाच शब्द वापरला आहे.

पार्श्वभूमी : स्टीफन कुक यांनी १९७१ मध्ये आणि रिचर्ड कार्प यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले की वेळापत्रके, वाटण्या, मार्ग, जुळण्या असे वरवर एकमेकांशी संबंध नसलेले अनेक प्रश्न आतून एकाच जातीचे आहेत. त्यांपैकी एक जरी झटपट सुटला तरी सगळेच सुटतील. असे प्रश्न ‘एनपी-कठीण’ म्हणून ओळखले जातात. त्यांच्यासाठी जलद रीत नाही असे जवळजवळ सगळेच मानतात, पण ते सिद्ध कोणी केलेले नाही. कार्प यांच्या यादीत २१ प्रश्न होते. त्यांतला एक नागपूरच्या रस्त्यावर उभा करून पाहता येतो.

समजा, पश्चिमेकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे चार चौक घेतले: व्हरायटी चौक, झाशी राणी चौक, शंकरनगर चौक आणि एलएडी चौक. मधले लहान चौक सोडून देऊ. चार चौकांमध्ये रस्त्याचे तीन तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याच्या निदान एका टोकाला कॅमेरा हवा, आणि कॅमेरे कमीत कमी लागावेत. उत्तर डोळ्यांना दिसते: झाशी राणी आणि शंकरनगर, दोन कॅमेऱ्यांत काम भागते. चौक चारऐवजी चार हजार असले आणि रस्ते कुठूनही कुठे जात असले की मात्र डोळ्यांचे काम संपते. तेव्हा एक साधी रीत वापरतात. जो तुकडा अजून कॅमेऱ्याखाली आलेला नाही असा कोणताही एक उचलायचा, त्याच्या दोन्ही टोकांना कॅमेरे लावायचे, मग पुढचा उचलायचा. ही रीत आंधळी आहे, पण बेभरवशाची नाही. उचललेल्या तुकड्यांची टोके एकमेकांत मिसळत नाहीत आणि सर्वोत्तम आराखड्यातही अशा प्रत्येक तुकड्यासाठी एक कॅमेरा लागणारच. म्हणून आपला खर्च सर्वोत्तमाच्या दुपटीपलीकडे कधी जात नाही. दुप्पट मात्र होऊ शकतो. आपल्या उदाहरणात आधी व्हरायटी–झाशी राणी आणि मग शंकरनगर–एलएडी हे तुकडे हाती आले, तर चारही चौकांत कॅमेरे लागतात.

सत्तरच्या दशकापासून ही दुप्पट लोकांना सलते आहे. एवढ्या बाळबोध रीतीला मागे टाकणे कठीण नसावे असे वाटते. प्रत्यक्षात आजवर जी सूट मिळाली ती जाळे मोठे होत जाईल तशी शून्याकडे सरकणारी, म्हणजे नावापुरती आहे. दुपटीऐवजी १.९९ पट अशी हमी देणारी जलद रीत कोणाच्याही हाती लागलेली नाही. कल्पकता कमी पडते आहे, की तशी रीत मुळात नाहीच? १९९२ मध्ये सिद्ध झालेल्या पीसीपी प्रमेयाने अशा शंकांना पहिल्यांदा गणिती उत्तर दिले: काही प्रश्नांत जवळपासचे उत्तर काढणे हेसुद्धा एनपी-कठीण असते. पण कॅमेऱ्यांच्या प्रश्नासारख्या ठिकाणी ही हत्यारे दुपटीच्या पुष्कळ अलीकडे अडखळत होती.

खोत : यंत्रमागांच्या इचलकरंजीत शालेय शिक्षण झालेल्या खोत यांनी आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये १९९४ आणि १९९५ अशी सलग दोन वर्षे रौप्यपदके मिळवली. १९९५ च्या आयआयटी प्रवेश परीक्षेत ते देशात पहिले आले. आयआयटी मुंबईतून संगणकशास्त्राची पदवी घेऊन (१९९९) ते प्रिन्स्टनला गेले. तेथे त्यांचे मार्गदर्शक होते संजीव अरोरा, पीसीपी प्रमेयाच्या कर्त्यांपैकी एक. अटकळ ज्या निबंधात आली तो २००२ मध्ये मॉन्ट्रिअलच्या परिषदेत सादर झाला तेव्हा खोत विद्यार्थीच होते, पीएच.डी. पुढच्या वर्षी मिळाली. जॉर्जिया टेकमधील काही वर्षांनंतर २००७ पासून ते न्यूयॉर्क विद्यापीठाच्या कुरांट संस्थेत आहेत. २०१४ मध्ये सोल येथील जागतिक गणितज्ञ परिषदेत त्यांना नेव्हानलिना पारितोषिक देण्यात आले. संगणकशास्त्राच्या गणिती अंगासाठीचा हा सर्वोच्च मान. हल्ली त्याला अबॅकस पदक म्हणतात. ते मुख्यतः एका न सुटलेल्या प्रश्नासाठी, म्हणजे प्रश्न विचारल्याबद्दल मिळाले, ही त्यातली मौज.

नावातला ‘गेम’ चौकशीच्या खोलीतला आहे. दोन साक्षीदारांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून प्रत्येकाला एकेक प्रश्न विचारायचा आणि उत्तरे जुळतात का ते पाहायचे. साध्या खेळात एकाच्या एका उत्तराशी दुसऱ्याची अनेक उत्तरे जुळू शकतात. ‘युनिक’ खेळात एकाचे उत्तर ठरले की दुसऱ्याचे जुळणारे उत्तर एकच असते, आणि उलट बाजूनेही तसेच.

हे साक्षीदारांपेक्षा आठवडी बाजारांवरून लवकर कळते. इतवारी, मंगळवारी अशी नावे ज्या शहरात अजून तोंडात आहेत, तिथे तर विशेषच. समजा, जिल्ह्यातल्या गावांचे बाजार नव्याने ठरवायचे आहेत आणि व्यापाऱ्यांच्या अटी अशा: कळमेश्वरचा बाजार सावनेरनंतर बरोबर दोन दिवसांनी भरावा, काटोलचा कळमेश्वरनंतर तीन दिवसांनी, सावनेरचा काटोलनंतर दोन दिवसांनी. प्रत्येक अट दोन गावांना बांधते, आणि एका गावाचा वार ठरला की दुसऱ्याचा आपोआप ठरतो. सावनेरला सोमवार द्या: कळमेश्वर बुधवारी, काटोल शनिवारी, तिथून दोन दिवस पुढे पुन्हा सोमवार. जमले. सगळ्या अटी एकत्र पाळता येण्याजोग्या असतील तर शेकडो गावांचे वेळापत्रकही असेच धाग्यासारखे उलगडत जाते. एका गावाचा वार धरायचा, बाकीचे ओढत आणायचे, नाही जमले तर पुढचा वार. सात प्रयत्नांत निकाल.

आता यादीत थोड्या चुकीच्या अटी मिसळा, शंभरात एखादी. काटोलच्या अटीत तीनऐवजी चार लिहिले गेले तर फेरा पुरा करून सावनेरला परत येईपर्यंत सोमवारचा मंगळवार झालेला असतो, आणि तीन अटींपैकी चुकीची कोणती हे फेऱ्यातून कळत नाही. मोठ्या जाळ्यात हा धागा काही पावलांतच कुठल्या तरी खोट्या अटीवर जाऊन तुटतो आणि तिथून पुढचे सगळे वार बिघडतात. पूर्ण सुसंगत यादी सोपी, किंचित बिघडलेली यादी अवघड. या दोहोंमधल्या फटीत खोत यांनी बोट ठेवले.

काटेकोर विधान असे. वारांऐवजी कितीही पर्याय असू शकतील असे समजा. दोन प्रकारच्या याद्या आहेत: एकीतल्या निदान ९९ टक्के अटी एकाच वेळी पाळता येतात, दुसरीत कसेही केले तरी १ टक्क्याहून अधिक पाळता येत नाहीत. समोर आलेली यादी यांपैकी कोणती, एवढेच ओळखायचे. हे ओळखणेसुद्धा एनपी-कठीण आहे, हीच अटकळ. ९९ आणि १ च्या जागी हवे तितके टोकाचे आकडे घ्या, विधान तसेच राहते; फक्त आकडे टोकाचे होतील तसे पर्याय वाढवावे लागतात. सात वारांवर भागत नाही, कारण वार चिठ्ठ्या टाकून ठरवले तरी सरासरीने सातातली एक अट पाळली जातेच. मूळ विधानात अटी ‘इतक्या दिवसांनी’ अशाच हव्यात असे नाही. पण तेवढ्याच अटींवर चालणारी आवृत्ती मूळ अटकळीइतकीच बळकट आहे, हे नंतर दाखवण्यात आले.

परिणाम : हे एवढेसे विधान खरे मानले की काय काय हाती लागते, हे हळूहळू उघड झाले आणि त्यातच अटकळीचे वजन आहे. २००३ मध्ये खोत आणि ओडेड रेगेव्ह यांनी दाखवले की अटकळ खरी असेल, तर कॅमेऱ्यांच्या प्रश्नात दुपटीपेक्षा सरस हमी देणे एनपी-कठीण आहे. म्हणजे ती आंधळी रीतच शेवटची.

दुसरा निकाल याहूनही चकित करणारा होता. भांडकुदळ मंडळींचे दोन गट असे करायचे की जास्तीत जास्त भांडखोर जोड्या वेगवेगळ्या गटांत जाव्यात, असा एक जुना प्रश्न आहे. तोही कार्प यांच्या यादीतला. नाणे उडवून गट पाडले तरी सरासरीने निम्म्या जोड्या फुटतात. मिशेल गोमन्स आणि डेव्हिड विल्यमसन यांनी १९९५ मध्ये प्रत्येक माणसाला उच्च मितीच्या गोलावरचा एक बिंदू मानले, गोल एका प्रतलाने कापला आणि सर्वोत्तमाच्या सुमारे ०.८७८ पटीची हमी मिळवली. हा आकडा एका कोनाच्या हिशेबातून निघतो, आणि भूमितीच्या सोयीने आलेला असा वेडावाकडा आकडा पुढेमागे कोणीतरी सुधारील असेच कोणालाही वाटावे. २००४ मध्ये खोत, गाय किंडलर, एल्कानन मोसेल आणि रायन ओ’डॉनेल यांनी दाखवले की अटकळ खरी असेल तर नेमका तोच आकडा, शेवटच्या दशांशापर्यंत, अंतिम मर्यादा आहे. या युक्तिवादाला एका विधानाचा आधार लागत होता, आणि ते पुढच्याच वर्षी स्वतंत्रपणे सिद्ध झाले. ते विधान मतदानाविषयीचे आहे: मतमोजणीत तुरळक चुका होणारच असतील, तर कोणाही एका मतदाराच्या हाती फार बळ न देणाऱ्या पद्धतींमध्ये साध्या बहुमताचा निकाल सर्वांत कमी डळमळतो. गट पाडण्याच्या कोड्यातून लोकशाहीबद्दलचे प्रमेय निघावे, हे कोणी ठरवून करू म्हटले असते तर झाले नसते.

२००८ मध्ये प्रसाद राघवेंद्र यांनी सगळ्याला एकत्र बांधले. थोड्या-थोड्या घटकांवरच्या अटींपैकी जास्तीत जास्त पाळायच्या, अशा स्वरूपाच्या प्रत्येक प्रश्नासाठी गोमन्स–विल्यमसन घराण्यातली एकच सर्वसाधारण रीत सर्वोत्तम ठरते, अर्थात अटकळ खरी असेल तर. एकेका प्रश्नासाठी वेगळी युक्ती शोधण्याची वर्षे त्यामुळे एका फटक्यात निकालात निघाल्यासारखी झाली. अटकळ खोटी ठरली तरी मतदान आणि भूमितीतली मधली प्रमेये तशीच उभी राहतील, कारण त्यांच्या सिद्धतेत ती गृहीत धरलेली नाही.

सद्यःस्थिती : अटकळीवर सर्वांचा विश्वास आहे असे नाही. २०१० मध्ये अरोरा, बोअझ बराक आणि डेव्हिड श्टॉयरर यांनी युनिक गेम्ससाठी अशी रीत दिली जी जलद नाही, पण एनपी-कठीण प्रश्नांकडून अपेक्षित असते तेवढी संथही नाही. संशयवाद्यांना त्याने बळ आले. पारडे उलट बाजूला झुकले ते २०१८ मध्ये, खोत, डोर मिन्झर आणि शमुएल सफ्रा यांच्या निबंधाने. इरिट डिनूर आणि किंडलर यांच्यासह आधी केलेल्या कामाचा तो शेवटचा टप्पा होता. त्यातून ‘दोन-ला-दोन’ प्रमेय पुरे झाले: एका उत्तराशी एकाऐवजी दोन उत्तरे जुळू दिली, तर अटकळीसारखेच विधान खरे आहे. बाजारांच्या भाषेत, निम्म्या अटी पाळता येणारी यादी आणि जेमतेम १ टक्का पाळता येणारी यादी यांतला फरक ओळखणे एनपी-कठीण असल्याचे आता सिद्ध आहे. म्हणून याला ‘अर्धी अटकळ’ म्हटले जाते, आणि ते केवळ कौतुकाने नव्हे: २०१० च्या ज्या रीतीवरून अटकळ खोटी असेल अशी शंका घेतली जात होती, ती रीत या सिद्ध झालेल्या अर्ध्यालाही तितकीच लागू पडते.

निम्म्यावरून ९९ टक्क्यांवर कसे जायचे, याची वाट दिसत नाही. कॅमेऱ्यांच्या प्रश्नापुरते पाहिले तर अटकळीचा आधार न घेता आधी सुमारे १.३६ पटीपर्यंत एनपी-कठीण असल्याचे ठाऊक होते. २०१८ च्या प्रमेयाने ती मर्यादा दोनच्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे १.४१४ च्या आसपास नेली. तिथून दुपटीपर्यंतचा पट्टा रिकामा आहे.