दिवा खरंच मंद होत होता

हल्ली घरातली तरुण मंडळी ‘गॅसलायटिंग’ हा शब्द सहज वापरतात. एखाद्याला स्वतःच्याच डोळ्यांवर आणि आठवणीवर शंका घ्यायला लावायची, असा त्याचा अर्थ. मेरियम-वेब्स्टर या अमेरिकन शब्दकोशाने २०२२ साली तो ‘वर्षाचा शब्द’ म्हणून निवडला. त्याचं मूळ मात्र खऱ्याखुऱ्या दिव्यात आहे.

आपल्याकडे गॅसबत्ती म्हटलं की वरातीतली, पंप मारून पेटवायची बत्ती आठवते. व्हिक्टोरियन काळातल्या लंडनचे दिवे वेगळे. दगडी कोळशापासून काढलेला गॅस नळाने घरोघर येई. एका खोलीत नवा दिवा लावला, की दाब कमी होऊन दुसऱ्या खोलीतली ज्योत खाली जाई. एवढ्याशा घरगुती गोष्टीवर पॅट्रिक हॅमिल्टन यांनी १९३८ मध्ये ‘गॅस लाइट’ हे नाटक उभं केलं.

१९४० साली थोरॉल्ड डिकिन्सन यांनी त्यावर इंग्लंडमध्ये चित्रपट काढला. पुढे एमजीएमने हक्क विकत घेतले आणि जुन्या चित्रपटाच्या प्रती निगेटिव्हसकट नष्ट करण्याचा आग्रह धरला. जणू तो कधी नव्हताच! कथेतला नवरा बायकोशी जे करतो, तेच कंपनी त्या चित्रपटाशी करू पाहत होती. तरीही तो वाचला. आज पाहता येतो.

जॉर्ज क्यूकर यांचा ‘गॅसलाइट’ आला १९४४ मध्ये. पॉलाच्या भूमिकेसाठी इन्ग्रिड बर्गमनला ऑस्कर मिळालं. उर्मट मोलकरीण झालेली अँजेला लॅन्सबरी जेमतेम सतरा-अठरा वर्षांची होती. तिचा हा पहिलाच चित्रपट. पॉलाच्या मावशीचा खून दागिन्यांसाठी झालेला, आणि खुनी म्हणजे तिचा नवराच (शार्ल बॉयर). रोज रात्री तो बाहेर जातो असं दाखवतो आणि छपरावरून माळ्यावर शिरून दिवा लावतो. खाली पॉलाच्या खोलीतला दिवा मंद होतो, डोक्यावर पावलं वाजतात. घरात कुणी दुसरा दिवा लावला का, असं ती विचारते. म्हणजे तर्क अगदी बरोबर करते! पण नोकर नाही म्हणतात, आणि नवरा रोज तिच्या विसरभोळेपणाचे नवे पुरावे मांडतो.

ही निव्वळ नाटकी कल्पना नव्हती. १८४५ च्या इंग्लिश कायद्यानुसार नातेवाइकाची सही आणि दोन डॉक्टरांचे दाखले एवढ्यावर माणसाला खासगी वेड्यांच्या इस्पितळात धाडता येई. न्यायाधीशाचा हुकूम सक्तीचा झाला तो १८९० मध्ये. विवाहित स्त्रीला आपल्या मालमत्तेवर पूर्ण हक्क मिळाला तोही १८८२ च्या कायद्याने. नाटकातला काळ १८८० चा. चित्रपटातला नवराही दोन डॉक्टर बोलावण्याची धमकी देतो. आकडा उगाच दोनचा नाही.

शेवटाकडे जोसेफ कॉटनचा गुप्तहेर पॉलाच्या शेजारी उभा असतानाच ज्योत खाली जाते. त्यालाही ते दिसतं, आणि तो तसं सांगतो. पुढे खुनी पकडला जातोच. पण बर्गमनचा चेहरा पाहावा तो या क्षणी.