अतिदक्षता परिचर्या : रुग्णमूल्यांकन आणि नैतिक निर्णय

गंभीर रुग्णाची अवस्था सतत तपासणे, तिच्यातला बदल वेळीच ओळखून नोंदवणे व कळवणे, आणि उपचार चालू ठेवायचे की थांबवायचे हे ठरत असताना रुग्णाचे हित सांभाळणे, हे अतिदक्षता विभागातील परिचारिकेचे काम. पाठ्यपुस्तकांत मूल्यांकन आणि नीती यांची प्रकरणे स्वतंत्र असतात. खाटेपाशी मात्र ती वेगळी काढता येत नाहीत, कारण चुकीच्या नोंदीवर घेतलेला निर्णय कितीही चांगल्या हेतूने घेतला, तरी तो रुग्णावर अन्याय करतो.

ग्लासगो कोमा स्केलच्या वापरात हे विशेष दिसते. ग्रॅहॅम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या या मापनात डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५ आणि हालचालीला ६ असे कमाल गुण असतात. एकूण गुण ३ ते १५ यांदरम्यान येतात. भुवईजवळच्या हाडावर दाब दिल्यावर रुग्णाचा हात कॉलरबोनच्या वर येऊन त्या जागी पोहोचू पाहत असेल, तर हालचालीला ५ गुण. नखावर दाब दिल्यावर हात नुसता मागे ओढला गेला, तर ४. हा एका गुणाचा फरक मेंदूची अवस्था सुधारते आहे की खालावते आहे हे सांगू शकतो, म्हणून पाळी बदलताना दोघी परिचारिकांनी तो एकत्र तपासणे उत्तम. घशात नळी असलेला रुग्ण बोलू शकत नाही. बोलण्याच्या रकान्यात १ लिहिणे चूक आहे. तेथे ‘तपासता आले नाही’ अशी खूण करावी आणि बेरीज मांडू नये. सुजेमुळे डोळे मिटलेले असतील तरी हाच नियम. गुंगीच्या औषधाखालील रुग्णाचा ‘पंधरापैकी तीन’ हा आकडा बाहेर बसलेल्या मुलाच्या कानी गेला, की तो वडिलांची आशा सोडून देतो. तो आकडा मेंदूचा आहे की औषधाचा, हे त्याला कुणीतरी सांगायला हवे.

वेदनेचेही तसेच. बोलू न शकणाऱ्या रुग्णासाठी २००६ मध्ये प्रसिद्ध झालेली सीपॉट ही मोजपट्टी चेहरा, हालचाल, स्नायूंचा ताण आणि व्हेंटिलेटरशी जुळवून घेणे यांवरून ० ते ८ गुण देते. रुग्ण निवांत पडलेला असतानाच ती वापरून भागत नाही. कूस बदलताना आणि सक्शन करतानाही गुण घ्यावे लागतात. स्नायू शिथिल करणारे औषध चालू असेल, तर वेदनेची कोणतीही खूण चेहऱ्यावर येत नाही, आणि तेव्हा वेदना नाही असे मानणे धोक्याचे असते. यंत्रांवरही आंधळा भरवसा नको : सावळ्या त्वचेवर पल्स ऑक्सिमीटर रक्तातील ऑक्सिजन प्रत्यक्षाहून जास्त दाखवू शकतो.

आपल्याकडे संमतीची चर्चा बहुधा दाराबाहेर, नातेवाइकांशी होते. नळी असलेला रुग्णही शुद्धीवर असेल तर मान हलवून, बोट दाबून उत्तर देऊ शकतो, आणि तो शुद्धीवर आहे हे परिचारिकेला सर्वांआधी कळते. ते डॉक्टरांना सांगून रुग्णालाच विचारायला लावणे हे तिचे कर्तव्य आहे. ‘सिस्टर, खरं सांगा, काही आशा आहे का?’ या प्रश्नाला केवळ ‘डॉक्टरांना विचारा’ म्हणणे पुरेसे नाही. परिचारिकेने भाकीत करू नये, पण डॉक्टर आणि कुटुंब यांची बैठक त्याच पाळीत घडवून आणावी.

परिचर्येची नोंद निकालात किती महत्त्वाची ठरते, हे अरुणा शानबाग प्रकरणात दिसले. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्ला झाला, त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या आणि १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत सहकारी परिचारिकांनीच त्यांची शुश्रूषा केली. अखेरचे काही दिवस सोडले, तर त्या अतिदक्षता विभागात किंवा व्हेंटिलेटरवर नव्हत्या. इतक्या वर्षांत अंगावर शय्याव्रण होऊ दिला नाही, याची न्यायालयाने दखल घेतली. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अन्न थांबवण्याची याचिका फेटाळली. त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला, आणि उच्च न्यायालयाच्या परवानगीने निष्क्रिय दयामरणाची वाटही खुली केली.

सर्वोच्च न्यायालयाच्याच ९ मार्च २०१८ च्या निकालाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि आगाऊ वैद्यकीय निर्देश मान्य झाले. जानेवारी २०२३ मध्ये उपचार थांबवण्याची प्रक्रिया सोपी झाली. आता उपचार करणारे डॉक्टर आणि किमान ५ वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ यांचे प्राथमिक मंडळ शक्यतो ४८ तासांत मत देते, आणि दुसरे मंडळ ते पडताळते. या रचनेत परिचारिकेला जागा नाही, ही मोठी उणीव आहे. रुग्णाजवळ पूर्ण पाळी काढणारी व्यक्ती तीच असते.

हृदयक्रिया बंद पडल्यास पुनरुज्जीवन करू नये, या निर्णयासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे दिली. असा निर्णय कागदावर नसताना कुटुंबाला दाखवण्यापुरते, मुद्दाम संथपणे छाती दाबणे हे फसवणुकीत मोडते आणि परिचारिकेने त्यात भाग घेण्यास नकार द्यावा. योग्य काय ते कळत असूनही अधिकाराअभावी ते करता न येणे, या अवस्थेला अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये नाव दिले. मराठीत तिला नैतिक घुसमट म्हणता येईल. ती साचू नये यासाठी परिचारिकेला वरिष्ठांमार्फत न जाता थेट रुग्णालयाच्या नीतिसमितीकडे जाण्याची मुभा असावी, आणि व्हेंटिलेटरवरील प्रत्येक रुग्णामागे दर पाळीत एक परिचारिका हा निकष रात्रपाळीतही पाळला जावा.