उन्हाचा भाव

आमच्या टीममधला एक इंग्लिश सहकारी गेल्या वर्षी मालागाला राहायला गेला. मीटिंगमध्ये त्याच्या खुर्चीमागे आता बाल्कनी दिसते आणि बाल्कनीमागे भूमध्य समुद्र. "तूही ये, इथे वर्षातले तीनशे दिवस ऊन असतं," असं तो मला अधूनमधून सांगतो. पहिल्यांदा मला हसू आलं. उन्हाला कंटाळून आपण ताक पितो, पडदे ओढतो. उन्हासाठी घर बदलायचं म्हणजे काय? पण समुद्राचा मोह मलाही आहेच. स्पेन 2023 पासून रिमोट काम करणाऱ्यांना वेगळा व्हिसा देतो. त्याची माहिती शोधता शोधता मी या किनाऱ्याच्या इतिहासात शिरलो आणि तिथेच अडकलो.

शोधताना पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की ऊन तिथे कायमच होतं, तरी माणसं तिथून जात होती.

एकोणिसाव्या शतकात मालागा हे उद्योगाचं शहर होतं. मानुएल अगुस्तीन एरेदिया या उद्योजकाने मार्बेयाजवळ लोखंडाच्या झोतभट्ट्या उभारल्या. पुढे उत्तरेकडच्या दगडी कोळशावर चालणाऱ्या भट्ट्यांसमोर त्या टिकल्या नाहीत. मग द्राक्ष, मनुका आणि गोड वाइन यांवर भिस्त राहिली. 1878 साली द्राक्षवेलींची मुळं खाणारी फिलॉक्सेरा ही कीड आली आणि डोंगरउतारावरचे मळे उजाड झाले. 1907 साली 'हेलिओपोलिस' नावाचं जहाज मालागा बंदरातून दोन हजारांवर माणसं घेऊन हवाईला गेलं, उसाच्या मळ्यांत मजुरीला. हेलिओपोलिस म्हणजे सूर्यनगरी! नाव कुणी मुद्दाम ठेवलं नसेल, पण मला ते वाचून कसंतरीच झालं.

दुसरं जाणं याहून भयानक होतं. स्पेनच्या यादवी युद्धात, फेब्रुवारी 1937 मध्ये, फ्रँकोचं सैन्य आणि त्याच्या मदतीला आलेल्या इटालियन तुकड्या मालागात शिरल्या. हजारो कुटुंबं किनाऱ्याच्या रस्त्याने अल्मेरियाकडे निघाली. अंतर सुमारे 200 किलोमीटर. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि समुद्रात फ्रँकोच्या युद्धनौका. तिथून तोफा डागल्या जात होत्या, वरून विमानं येत होती. लपायला जागा नव्हती. मृतांचा आकडा साधारण तीन ते पाच हजार सांगतात. स्पेनमध्ये या पळापळीला 'ला देसबांदा' म्हणतात.

या रस्त्यावर एक कॅनेडियन डॉक्टर रक्तसंक्रमणाची गाडी घेऊन आला होता. माणसांची ती रांग पाहून त्याने गाडीतलं सामान उतरवलं आणि आधी मुलांना भरून अल्मेरियाला न्यायला सुरुवात केली. सतत तीन दिवस त्याच्या फेऱ्या चालल्या. त्याचं नाव नॉर्मन बेथ्यून. पुढे तो चीनमध्ये गेला, 1939 साली तिथेच वारला, आणि त्याच्या नावाने चालणाऱ्या रुग्णालयाचे प्रमुख झाले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. कोटणीस शाळेपासून माहीत होते. त्यांच्या आधीच्या डॉक्टरची वाट या किनाऱ्यावरून गेली होती, हे मात्र ठाऊक नव्हतं.

मग हा किनारा स्वप्नातला कधी झाला? 1959 साली. फ्रँकोच्या राजवटीची परकी गंगाजळी आटली होती. सरकारने अर्थव्यवस्था थोडी खुली केली आणि डॉलरचा दर 42 पेसेतांवरून 60 वर नेला. बाहेरच्यांसाठी स्पेन एकदम स्वस्त झाला. त्याच वर्षी तोर्रेमोलिनोस या कोळ्यांच्या गावात 'पेस एस्पादा' हे आलिशान हॉटेल उघडलं. 1960 साली स्पेनमध्ये सुमारे 60 लाख पाहुणे आले, 1973 साली तीन कोटींच्या वर. आणि 1960 सालीच पश्चिम जर्मनीने स्पेनशी मजूरभरतीचा करार केला. म्हणजे जर्मन माणूस विमानाने उन्हाकडे येत होता आणि आंदालुसियाचा भूमिहीन मजूर आगगाडीने जर्मनीतल्या कारखान्याकडे निघाला होता.

इथे मला उत्तर सापडलं. पगार दुसरीकडून येत असेल, तर ऊन सुखाचं. पगार तिथेच, त्याच उन्हात मिळवायचा असेल, तर हिशेब वेगळा.

तो हिशेब आजही मिटलेला नाही. जून 2024 मध्ये मालागाचे हजारो रहिवासी घरभाड्यांविरुद्ध रस्त्यावर उतरले. पर्यटकांना दिलेली घरं आणि बाहेरचा पगार घेऊन येणारे आमच्यासारखे भाडेकरू यांच्यामुळे त्यांना आपल्याच शहरात राहणं परवडेनासं झालं आहे.

हे सगळं मी सहकाऱ्याला सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "माझी घरमालकीण स्वतः आता शहराबाहेर राहते." त्याने कारण विचारलं नव्हतं. मीही विचारलं नाही.

व्हिसाचा अर्ज मी भरलेला नाही, फाइल डिलीटही केलेली नाही. मालागात समुद्राकाठी एका पायवाटेला 'कॅनेडियनांची वाट' असं नाव दिलंय, बेथ्यून आणि त्याच्या साथीदारांच्या आठवणीत. कधी गेलोच, तर सामान ठेवून पहिल्यांदा तिथे चालून येईन. घर भाड्याने घ्यायचं की नाही, ते त्यानंतर ठरवेन.